शिकागोतली खोली आणि जळगावातली



अमेरिकेतल्या शहरात काळा माणूस कसा राहतो, ते आम्हा नवरा-बायकोला जळगावात भाड्याची खोली शोधताना कळलं. घरमालक आधी आडनाव विचारतो. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. मग म्हणतो, 'खोली कालच गेली.' पाटी मात्र महिनाभर तिथंच!

शिकागोत आडनाव विचारायची गरजच नव्हती. मिसिसिपीकडची माणसं आगगाडीनं तिथल्या कत्तलखान्यांत कामाला आली, जशी आपली भुसावळला रेल्वेत, धुळ्याला मिलमध्ये आली. काम मिळालं, पण ठराविक वस्तीबाहेर घर मिळेना. काळ्यांना घर द्यायचं नाही, असे लेखी करारच गोऱ्या मालकांनी केले होते. कोर्टांनी असे करार अमलात आणू नयेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये दिला. तरी १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना त्याच शहरात, गरीब काळ्या वस्तीत खोली घेऊन घरांसाठी लढावं लागलं. कायदा झाला १९६८ मध्ये, किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात.

यंदा मुलीला कॉलेजसाठी धुळ्यात खोली हवी होती. आडनाव सांगू नको, असं आम्हीच तिला म्हणालो. तिनं फोनवर पूर्ण नाव सांगितलं. 'उद्या कळवतो,' असं उत्तर आलं. अजून कळवलेलं नाही.