लंडन ते पॅरिस : रेल्वेप्रवासाची आखणी मुखेडातून

(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



परदेश प्रवासावर बोला, असं सचिवांनी सांगितलं. पण आयफेल टॉवरचे फोटो तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेत. म्हणून मी प्रवासाबद्दल कमी आणि त्याच्या आखणीबद्दल जास्त बोलणार आहे.

आपल्या सोसायटीतली लेकरं आज पुण्या-हैदराबादला आहेत, काही त्याही पुढं गेलीत. कधी ना कधी फोन येतो, "आई-बाबा, या ना इकडं." मग तिकीट पोरगा काढतो, फॉर्म सून भरते आणि आपण दोघं सामानासारखे इकडून तिकडं पोचवले जातो. आमचं मुलाकडं लंडनला जायचं ठरलं तेव्हा सौभाग्यवतींनी अट घातली, "तिथून पॅरिसला रेल्वेनं जायचं. दोघांनीच. आणि सगळं आपण ठरवायचं." वय एकसष्ट, गुडघे कुरकुरायला लागलेले. "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्यात अर्थ नव्हता.

एक देश सोडून रेल्वेनं दुसऱ्या देशात जायचं म्हटलं की आपल्याला धास्ती वाटते. पण आपल्या भागाला हे नवं नाही, बरं का. १९४८ पर्यंत मुखेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. हैदराबादहून नांदेडमार्गे मनमाडला जाणारी रेल्वे निजामाची, आणि मनमाड मात्र इंग्रजी मुलखात. इकडं संस्थानाची जकात म्हणजे करोडगिरी आणि नाणं हाली, तिकडं कलदार. आपल्या आजोबांनी हाली-कलदारचा हिशेब केला, आपण पौंड-युरोचा करायचा, एवढंच.

भारतातूनही अशा गाड्या सुटत होत्या. लाहोरची समझौता एक्स्प्रेस १९७६ ला सुरू झाली, २०१९ ला थांबली. कोलकाता ते ढाका मैत्री एक्स्प्रेस २००८ च्या १४ एप्रिलला सुरू झाली. आधी तिच्या प्रवाशांना सीमेवर उतरून तपासणी द्यावी लागे. २०१७ पासून ती सुटण्याच्या आणि पोचण्याच्या स्टेशनवरच होऊ लागली आणि प्रवासाचे काही तास वाचले. २०२४ च्या जुलैपासून तीही बंद पडली. रूळ तेच असतात. शेजाऱ्यांचं बिनसलं की गाडी थांबते. लंडन-पॅरिस गाडी १९९४ पासून चालू आहे, हे म्हणूनच मोठं.

आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट व्हिसा. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि तो भारतातूनच काढून जावा. पाहुणा म्हणून लंडनला पोचल्यावर "तिथं बघू" म्हणाल, तर सहसा अर्जच घेत नाहीत. तो तिथं राहणाऱ्यांसाठी असतो. म्हणजे पॅरिस बघायचं की नाही, हे मुखेड सोडण्यापूर्वीच ठरतं.

दुसरी गोष्ट क्रम. आमच्या वेळी अर्जासोबत पासपोर्ट जमा होत होता, त्यामुळे दोन्ही अर्ज एकदम जात नव्हते. इंग्लंडचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून चालतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत, पण काही वेळा पंचेचाळीस दिवसही लागतात. आम्ही आधी इंग्लंडचा केला, कारण तिथूनच पुढं जायचं आणि तिथंच परतायचं. तीन आठवडे आणि पंचेचाळीस दिवस मिळून सहासष्ट दिवस होतात. तीन महिन्यांत बसतं, पण रेंगाळायला जागा नाही. इंग्लंडच्या व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना, तेही बघून घ्या. बोटांच्या ठशांसाठी आपल्याला हैदराबाद सोयीचं. दोन्ही कामं तिथं होतात.

शेंगेनसाठी तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत. आणि नावाचं बघा. आपल्याकडं आधारवर एक, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बायकांच्या कागदावर तर माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव घालायचं, अक्षर न अक्षर. सौभाग्यवतींनी स्वतःचा अर्ज स्वतः वाचून मराठीत सही केली. कुणी हरकत घेतली नाही.

तिसरी गोष्ट तिकीट. गाडीचं नाव युरोस्टार. जितकं आधी काढाल तितकं साधारणपणे स्वस्त; आयत्या वेळी तेच कितीतरी पटीनं महाग होतं. मात्र आधी व्हिसा हातात, मग तिकीट.

चौथी गोष्ट स्टेशन. लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन १८६८ सालचं. इथं विमानतळासारखं सामान तपासतात, आणि फ्रान्सचे पोलीस लंडनमध्येच पासपोर्ट बघतात. त्यामुळे पॅरिसला गार द्यू नोर स्टेशनवर उतरलं की सरळ बाहेर. परत येताना इंग्लंडची तपासणी पॅरिसलाच. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, तिला थोडा वेळ लागतो. आपल्या वयाच्या माणसानं दीड तास आधी पोचावं. गाडी सुटायच्या तीस मिनिटं आधी दार बंद होतं, मग कुणाच्या ओळखीचा उपयोग नाही.

सामान प्रत्येकी दोन बॅगा आणि एक हातातली. वजन कुणी करत नाही, पण हमालही नाही. उचलता येईल तेवढंच घ्या. इंग्लंडहून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. शेंगदाण्याची चटणी चालते. आमची भाकरी-चटणी पॅरिसपर्यंत सुखरूप गेली.

गाडीचा वेग ताशी तीनशे किलोमीटर. प्रवास साधारण दोन तास वीस मिनिटं. मुखेडहून एसटीनं नांदेड गाठायला जवळपास तेवढाच वेळ जातो. मधला बोगदा पन्नास किलोमीटरहून लांब आहे, त्यातला अडतीसेक किलोमीटर समुद्राखाली. दोन्हीकडून खणत आलेले कामगार १९९० च्या १ डिसेंबरला समुद्राखाली एकमेकांना भेटले. गाडी बोगद्यात वीस मिनिटं असते. खिडकीबाहेर फक्त अंधार. सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या डोक्यावर समुद्र आहे, आणि मी चटणी खातेय." पॅरिसला घड्याळ एक तास पुढं करायला विसरू नका, नाहीतर परतीची गाडी चुकायची.

मंडळी, हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की यात अवघड असं काही नाही. एक वही, एक फाईल आणि सहा महिन्यांची तयारी. ज्या गावाला अजून स्वतःची रेल्वे नाही, तिथली दोन माणसं समुद्राखालून जाऊन आली. लेकरांनी मदत जरूर करावी, पण ठरवावं आपण. पंचवीस वर्षांपूर्वी या जागेवर नुसतं माळरान होतं. इमारतीचा नकाशा आपणच जमिनीवर वही पसरून बघितला होता ना? तीच माणसं आहोत आपण.

ज्यांना जायचं असेल त्यांनी संध्याकाळी घरी यावं. फाईल दाखवतो, चहाही मिळेल. पण गुडघे थांबत नाहीत, तेव्हा लवकर या.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.