आईची भाषा शाळेच्या दाराबाहेर का?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आंतरराष्ट्रीय शाळा म्हटलं की आपल्या मनात आधी येते ती फी. लाखालाखांनी फी भरणाऱ्यांशी आपला काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण मी अशाच एका शाळेत, अभ्यासात अडलेल्या मुलांना आधार देणाऱ्या विभागात काम करते. तिथे जे दिसतं, ते वस्तीतल्या शाळेतही घडतं. फक्त तिथे पैशामुळे ते नीट झाकलं जातं.

एक उदाहरण सांगते. सहा वर्षांची मुलगी, घरची भाषा कोरियन. वडिलांची बदली झाली म्हणून कुटुंब इथे आलं. आई तिकडे नोकरी करत होती, इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. मुलगी वर्गात तीन महिने एक शब्द बोलली नाही. शिक्षक म्हणाले, "मंद असावी, तपासून घ्या." आणि आईला सल्ला मिळाला, "घरी इंग्रजीतच बोला."

आईला इंग्रजी जेमतेम येत होतं. तिने सल्ला मानला. गोष्टी सांगणं थांबलं, रागावणं-समजावणं थांबलं. उरलं ते "ईट", "स्लीप", "कम". ज्या घरात आईकडे शब्दच उरले नाहीत, त्या घरात मुलीची भाषा वाढणार कशी?

हा सल्ला प्रेमाने दिला तरी चुकीचाच. नव्या भाषेत पडलेली मुलं आधी बराच काळ नुसती ऐकतात. ते गप्प राहणं म्हणजे आजार नव्हे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून मांडलं आहे की खेळताना लागणारी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं, पण पुस्तकातली, विचार करण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि आपल्या भाषेत समजलेलं वाया जात नाही. 'निम्मं' म्हणजे काय हे एकदा कळलं की दुसऱ्या भाषेत फक्त नवा शब्द शिकायचा उरतो.

आम्ही दुभाषी बोलावली आणि मुलीची तपासणी तिच्या भाषेत केली. वजाबाकी तिला उत्तम येत होती! मग तिला आधी कोरियनमध्ये लिहू दिलं, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावलं, आणि आईला वर्गात गोष्ट सांगायला बोलावलं. भाषा तीच, बाईही तीच. पण आता ती 'अडचण' नव्हती, शिकवणारी होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. अशा शाळांची परंपरा जुनी आहे. 1924 साली जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. मारी-तेरेझ मोरेत या बाईंनी ती वीस वर्षं चालवली. हेतू उदात्त होता. पण शाळा चालली इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. कोणती भाषा 'आंतरराष्ट्रीय' ठरते, हा प्रश्न तेव्हापासूनच आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा भाषादिन होतो, तेव्हा फ्रेंच, जर्मन, कोरियन यांचं कौतुक होतं. आणि मुलांचे डबे उघडून देणाऱ्या, बसमधून उतरवून घेणाऱ्या मावशींना मात्र बजावलं जातं, "मुलांशी मराठीत बोलू नका." महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. तासाला मराठी हवी, मावशींच्या तोंडची नको! यात भाषेपेक्षा वर्ग आणि जात अधिक बोलते.

तिसरी गोष्ट अपंग मुलांची. स्वमग्न मुलाला प्रवेश देताना अनेक खासगी शाळा पालकांना सांगतात, सोबतीला शिक्षिका तुम्हीच आणा, पगारही तुम्हीच द्या. ते परवडलं नाही तर नोकरी कोण सोडतं? आईच. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं की, सरकारने निधी किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. 'समावेशक शिक्षण' हा शब्द माहितीपत्रकात छापायचा आणि त्याचं ओझं आईच्या खांद्यावर टाकायचं, हे आपण ओळखलं पाहिजे.

म्हणून शाळा कोणतीही असो, आपल्या मागण्या सरळ आहेत. घरच्या भाषेत तपासल्याशिवाय कुठल्याही मुलावर 'मंद' असा शिक्का नको. पालकसभेला दुभाषी हवा, आणि ते काम मुलाच्याच गळ्यात नको. आईला तिची भाषा सोडायला सांगू नये. आधाराचा खर्च शाळेने किंवा सरकारने उचलावा.

पारधी, बंजारा, गोंड मुलांच्या बाबतीत हेच रोज घडतं, तिथे दुभाषी कोणी बोलावत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तितकं शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. या जागा अनेकदा फक्त सहीपुरत्या भरल्या जातात.

तेव्हा आपापल्या गावात, वस्तीत पुढच्या सभेला जा आणि एवढंच विचारा : या वर्गात गप्प बसणारी मुलं कोण आहेत, आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कोणी बोललं आहे का?