बाळाचे पहिले अंथरूण : चित्रांचे की साधे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मी काय भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "मोठा विषय नको. घरातलेच काही सांगा." म्हणून आज मी घेतलेला विषय लहानच आहे, किंबहुना लहानांचाच आहे. मूल पाळण्यात मावेनासे झाले म्हणजे त्याला निजवावे कशावर? दुकानात मिळतो तो मोटारीच्या, बोटीच्या नाहीतर राजवाड्याच्या आकाराचा रंगीत पलंग आणावा, की सुताराकडून साधी खाट करून घ्यावी?

हसू नका बायांनो. दिवसाच्या चोवीस तासांतले निम्मे तास मूल झोपेत घालवते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून 11 ते 14 तास झोप हवी, आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. जिथे मूल इतका वेळ पडून असते, ती जागा निवडताना नुसत्या रंगावर जाऊन कसे चालेल?

आपल्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. बाराव्या दिवशी मूल पाळण्यात घातले की दीड-दोन वर्षे पाळणा. मग धाकटे भावंड आले की थोरले आजीच्या कुशीत, वाकळेवर. आता घरोघरची पोरे मुंबई, ठाणे, पुण्याला आहेत. आजी कापड्याला आणि नातवंड तिकडे. गणपतीला नाहीतर शिमग्याला ती येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात हा पलंग हमखास येतो.

माझी भाचेसून नालासोपाऱ्याला असते. मागच्या गणपतीत तिने मला मोबाइलवर एक पलंग दाखवला. लाल मोटार, पुढे दिवे, बाजूला चाके. म्हणाली, "मावशी, पोराने दुकानात पाहिला आणि तिथेच बसकण मारली. घेऊ की नको, तुम्हीच सांगा." मी तिला चार प्रश्न विचारले. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

पहिला प्रश्न आवडीचा. चित्रांची हौस वाईट, असे मी म्हणणार नाही. आपल्या पाळण्याला काय कमी सजावट होती? वर चिमणाळे, त्याला राघू-मैना, रंगीत गोंडे. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी खेळणी तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. रंग पाहून मूल रमते, हे आपल्या आज्यापणज्यांनाही कळत होते. पण त्यांनी चित्र पाळण्यावर टांगले, पाळणा चित्राच्या आकाराचा केला नाही. चिमणाळे जुने झाले की काढता येते. पलंगाची मोटार झाली की ती मोटारच राहते. दोन वर्षांच्या पोराला मोटार आवडते, तिसऱ्या वर्षी वाघ, पाचव्या वर्षी क्रिकेट. दर खेपेला पलंग बदलणारे घर आपल्यात कुठे आहे?

आणखी एक गोष्ट. मोटार म्हणजे मुलाची आणि गुलाबी राजवाडा म्हणजे मुलीचा, अशी वाटणी दुकानदार आधीच करून ठेवतो. थोरल्याची मोटार धाकटीला नको म्हणून दुसरा खर्च. साधी खाट मात्र दादाची ताईला आणि ताईची बाळाला जाते.

दुसरा प्रश्न लाकडाचा. असे बरेचसे पलंग भुसा दाबून केलेल्या फळीचे असतात. वरून गुळगुळीत आणि चकचकीत, पण कडेने ओल शिरली की फळी फुगते आणि मग स्क्रू धरत नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा! आषाढ-श्रावणात भिंती घाम गाळतात, पेटीतल्या कपड्यांना वास येतो. 22 जुलै 2021 ला महाडात पाणी शिरले, तेव्हा गाळातून सागाची जुनी खाट धुऊन पुसून पुन्हा वापरात आलेली मी पाहिली. दाबाच्या फळीचा पलंग पुन्हा उभा राहिलेला एकाही घरी पाहिला नाही. साग परवडत नसेल तर फणस आहे, शिवण आहे. शिवणीचे लाकूड वजनाला हलके, त्यामुळे खाट एकट्या बाईला सरकवता येते.

लाकडाबरोबर रंगाचेही सांगते. दात येणारे मूल कठडा चावते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा केंद्र सरकारचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. शिसे मुलाच्या मेंदूला बाधते. म्हणून माळ्यावरचा जुना डबा काढून खाट रंगवू नका. नवा डबा घ्या, त्यावर शिसे नसल्याचे लिहिले आहे का ते पाहा, नाहीतर लाकूड घासून गुळगुळीत करून तसेच राहू द्या.

तिसरा प्रश्न उंचीचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. मारिया मॉन्टेसरी नावाच्या इटलीच्या मोठ्या बाई 1939 साली आपल्या देशात आल्या होत्या. बालशिक्षणातला त्यांचा विचार आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी रुजवला, आधी बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर. मॉन्टेसरीबाईंचे म्हणणे असे, की मुलाचा बिछाना जमिनीलगत असावा, म्हणजे त्याला झोप आली की ते आपले आपण निजेल आणि जाग आली की आपले आपण उठेल. विचार मला फार पटतो. कठड्याच्या पिंजऱ्यात रडत बसण्यापेक्षा हे बरे. दुकानातले मोटारीचे पलंगही बहुधा बुटके असतात, त्यांचा तळ जमिनीला टेकलेला असतो.

पण बायांनो, आपण राहतो सह्याद्रीच्या पायथ्याशी. इथे विंचू आहे आणि मण्यार आहे. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांचे नाव तुम्हाला सांगायला नको. 1976 साली ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसे, त्यातही मुले, डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी त्या रोग्यांच्या उशाशी बसून अभ्यास केला, तो 1982 साली लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात छापून आला. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यावर वापरून त्यांनी असंख्य जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध निघाले म्हणून विंचू काही गेला नाही. भिंतीच्या फटीत, सरपणात, जमिनीवर पसरलेल्या अंथरुणाच्या घडीत तो आजही असतो.

मण्यार तर रात्रीच हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. चावल्याची खूण कित्येकदा दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडू लागले, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, तर दृष्ट काढत बसू नका. थेट दवाखाना गाठा. विंचवाचेही तसेच. वांती, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय दिसले की एक घटकाही घरी थांबू नका.

म्हणून माझे मत असे, की आपल्या गावात मुलाचे अंथरूण जमिनीवर नको आणि फार उंचही नको. एक हात, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीची खाट. तिला चार उभे पाय हवेत आणि खाली केरसुणी फिरेल अशी मोकळी जागा. खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, म्हणजे भिंतीवरचा विंचू अंथरुणात उतरणार नाही. खाली सरपण, चपला, बोचकी कोंबू नयेत. पांघरूण जमिनीवर लोळू देऊ नये. निजवण्याआधी अंथरूण-पांघरूण झटकून घ्यावे, आणि हे काम मोठ्याने करावे, मुलाने नव्हे.

सगळ्यावर मच्छरदाणी, तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेल्या. मच्छरदाणी डासांपुरतीच, असे समजू नका. नेपाळच्या तराईत सर्पदंशाची पाहणी झाली, ती 2007 साली प्रसिद्ध झाली. मच्छरदाणीत निजणाऱ्यांना रात्री साप चावण्याचा धोका पुष्कळ कमी, असे तीत आढळले. फक्त मच्छरदाणीच्या नाड्या मुलाच्या हाताला येणार नाहीत अशा बांधा, गळ्याला फास बसता कामा नये. मोटारीच्या पलंगाला मच्छरदाणी लावायला खुंट्या कुठे असतात?

चौथा प्रश्न पडण्याचा. मूल पाळण्याच्या कडेवर पाय टाकू लागले, उभे राहून बाहेर वाकू लागले, की पाळण्याचे दिवस संपले. उंची तीन फुटांच्या आसपास आली की मग वाट पाहूच नये. खाटेला डोक्याकडून अर्ध्या लांबीपर्यंत कठडा, पुढे उतरायला मोकळी जागा. म्हणजे मॉन्टेसरीबाईंचे म्हणणेही राहते, मूल आपले आपण चढते-उतरते. कठड्याच्या पट्ट्यांतले अंतर अडीच इंचांच्या आत असावे, नाहीतर अंग निसटते आणि डोके अडकते. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. खिळ्यांची टोके, कानेकोपरे हाताने चाचपून पाहा. पहिले काही दिवस रात्री खाली जाड वाकळ अंथरून ठेवा आणि सकाळी उचलून झटका. गादी घट्टच हवी. गुबगुबीत उशा आणि मोठाली बाहुली-अस्वले रात्री अंथरुणात नकोत.

एवढे ऐकून भाचेसून म्हणाली, "मावशी, आमच्या इमारतीत विंचू नाही हो."

मी म्हटले, "नसेल, पण खोली केवढी?"

"दहा बाय दहा."

"मग त्या मोटारीखाली कपड्यांची पेटी जाईल का? गावाला यायचे झाले तर ती मोटार येईल का? आणि पुढच्या वर्षी त्याला विमान हवे झाले तर?"

ती हसली, पण लगेच गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मावशी, मला सहावा लागलाय. पाळणा आता येणाऱ्या बाळाला लागेल. याला वाटायला नको, माझे काढून त्याला दिले. म्हणून त्याच्या आवडीचे घेत होते."

बायांनो, हा तिचा मुद्दा खरा होता. पुष्कळ घरी पहिली खाट येते ती धाकटे येणार म्हणून. मोठे आपण हिशोब करतो लाकडाचा आणि पैशाचा, पण त्या दोन वर्षांच्या जिवाच्या मनात एकच असते, की माझी जागा गेली. त्याला तुमचा साग आणि फणस काय कळणार? त्याला काहीतरी आपले हवे असते.

त्यावर आम्ही दोघींनी मिळून असे ठरवले. खाट साधी, शिवणीची, नवारीने विणलेली. बाळंतपणाच्या दोन महिने आधीच ती आणायची, म्हणजे पाळणा रिकामा आणि बाळाचे येणे यांचा मुलाच्या मनात संबंध राहत नाही. गोधडीची कापडे मुलाने स्वतः निवडायची. माझ्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी, तिच्यावर लाल चिंध्यांची मोटार, काळ्या कापडाची चार चाके. पोर दोन दिवस माझ्या मांडीला चिकटून बसले. एक चाक वाकडे लागले ते त्याने मला उसवून पुन्हा लावायला लावले! त्या गोधडीवर ते निजले, आणि खाट साधी की रंगीत हे त्याने विचारलेही नाही. पुढे वाघ हवा झाला तर वाघ शिवू. गोधडीला किती वेळ लागतो?

म्हणजे चित्रांचे की साधे, या प्रश्नाला माझे उत्तर असे : खाट साधी असावी, चित्र गोधडीवर असावे. खाट मुलाला जपते आणि गोधडी त्याला रिझवते. दोन्ही कामे एकाच लाकडाकडून करून घ्यायला गेलो की दोन्हींत उणे पडते. आणि ज्याला हौसेने मोटारीचा पलंग घ्यायचाच आहे, जागा आहे, पैसा आहे, त्याने जरूर घ्यावा, पण कठडा, फट, रंग आणि मच्छरदाणी पाहूनच घ्यावा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. मुलाला लहान खाट लागते ती तीन-चार वर्षे. पुढे ती माळ्यावर जाते किंवा बंबात जाते. आपण वर्गणीतून अशा दोन साध्या खाटा मंडळाच्या मालकीच्या कराव्या, मच्छरदाणीसह. ज्या घरी पाळण्यातून मूल उतरेल त्या घरी एक खाट जावी, काम झाले की धुऊन परत यावी. नवार सैल झाली तर त्या घराने ताणून द्यावी. गोधडी मात्र ज्याची त्याच्या आजीने शिवावी, आणि आजी जवळ नसेल तिथे आपण चौघी मिळून शिवू. पहिल्या गोधडीला लागणारी लुगडी मी देईन.