शेतापासून चाकापर्यंत

इथे कॅलिफोर्नियात आपण गॅस स्टेशनवर जे भरतो, त्यात साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, बहुतेक मिडवेस्टच्या मक्याचं. सायलेन्सरमधून निघणारा त्याचा कार्बन मक्याने हवेतूनच घेतलेला, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. पण नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापदायक. शिवाय खताच्या कारखान्यात आणि डिस्टिलरीच्या बॉयलरमध्ये जळणारा नैसर्गिक वायू, ट्रॅक्टरचं डिझेल, रेल्वेची वाहतूक.

हे सगळं एका आकड्यात मांडायचा नियम या राज्याने २००९ मध्ये मंजूर केला आणि २०११ पासून राबवला. कार्बन डायऑक्साइडच्या मापात एक मेगाज्यूल ऊर्जेमागे किती ग्रॅम? पेट्रोलचे सुमारे शंभर. मर्यादा हळूहळू खाली येत जाते. ती ओलांडणाऱ्याने स्वच्छ इंधनवाल्याकडून क्रेडिट विकत घ्यायचं. अमुकच इंधन वापरा, असं सरकार सांगत नाही. विजेलाही हीच मोजपट्टी. मला यातलं खरं शहाणपण इथेच दिसतं.

कडाक्याचा वाद झाला तो जमिनीवरून. मका गाड्यांकडे वळला की धान्य महागतं आणि जगात दुसरीकडे जंगल तोडून शेत होतं, असं संशोधक टिमथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं. त्यापोटी राज्याने मक्याच्या इथेनॉलवर ३० ग्रॅम चढवले, पुढे ते सुमारे २० केले. उद्योग म्हणाला, इतका डळमळीत आकडा धरूच नका. मला हे अजिबात पटत नाही. न धरणं म्हणजे शून्य धरणं, आणि शून्य तर नक्कीच चूक.

भारताकडे पाहा. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले, तशी डिस्टिलऱ्यांची मक्याची मागणी वाढली. कोंबडीखाद्य महागलं, आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनचा मका आणू लागला. साखर कारखान्याला निदान बॉयलरमध्ये स्वतःचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळता येतो. मक्याच्या डिस्टिलरीला तोही नाही. तरी भारतात इथेनॉलचा भाव ठरतो तो रस, मळी की मका यावर. ग्रॅमचा त्यात संबंध नाही.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद सांगली-कोल्हापूरकडे कारखान्यांचे सभासद आहेत. त्यांना सांगा, वार्षिक सभेत एवढं विचारा: उसाच्या टनामागे खत किती पडलं, उपसा पंपांना वीज किती लागली, आणि हंगाम संपल्यावर डिस्टिलरीच्या बॉयलरमध्ये काय जळतं?