खड्ड्यातली मगर

२०१५ च्या जूनमध्ये बंगळुरूच्या सुलतानपाळ्यात भर रस्त्यात मगर अवतरली. पाण्याने भरलेल्या १२ फुटी खड्ड्यात ती निवांत पहुडली होती. मगर होती फायबरची, वजन सुमारे २० किलो. आणि तो खड्डा? तो मात्र अस्सल!

ही करामत बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराची. हा म्हैसूरचा कलावंत चामराजेंद्र दृश्यकला अकादमीत शिकला. खड्ड्याची तक्रार महिनाभर कुणी ऐकत नव्हतं, म्हणतात. मगरीचे फोटो देशभर झळकले आणि दुरुस्तीची माणसं तातडीने हजर झाली. २०१७ मध्ये अशाच एका खड्ड्यात जलपरी बसली, तीही खरीखुरी अभिनेत्री.

नद्यांसाठी ही युक्ती चालेल का? मुंबईत २०१८ मध्ये दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी ‘मुंबई रिव्हर अँथम’ निघालं. सोनू निगम गायले, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही पडद्यावर दिसले. मग चर्चा नद्यांपेक्षा चेहऱ्यांचीच जास्त झाली. बादलच्या मगरीपुढे हे गाणं फिकं वाटतं, कारण मगरीने नेमका एक खड्डा दाखवला होता.

नेमकी एक जागा दाखवायची, तर बादलच्या म्हैसूरचंच पाहा. तिथे पाणी कावेरी आणि कबिनीतून येतं. कबिनी नंजनगूडवरून वाहत तिरुमकुडलु नरसीपूरला कावेरीला मिळते. नंजनगूडला कारखानेही आहेत आणि नदीत स्नान करणारे भाविकही. नदीकडे लक्ष वेधणारं चित्र रंगवायला तिथल्या एखाद्या नाल्याचं तोंड पुरे.