एकाच भुलीत तीन ऑपरेशनं?

मी साताऱ्याची, मावशी सांगलीची. तिला पित्ताशयात खडे, बेंबीला हर्निया, त्यात वजनाचं ऑपरेशन ठरलेलं. म्हणाली, "एकदाच भूल, एकदाच सुट्टी. सगळं उरकून टाकू की!"

खडे दुखत असतील तर पित्ताशय सोबतच काढतात. कारण वजन झपाट्यानं उतरलं की नवे खडे होतात. हर्नियाचं मात्र वेगळं. तिथं जाळी बसवतात, आणि स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापतात. त्यातले जंतू जाळीला लागू शकतात. वेळ वाढला की रक्ताची गुठळी व्हायची भीतीही वाढते.

म्हणून डॉक्टरांना विचारायचं, "यातलं काय थांबू शकतं?" मावशीनं विचारलं. आतडं अडकत नव्हतं, म्हणून हर्निया वजन उतरल्यावर करायचं ठरलं. अडकत असतं, तर थांबता आलं नसतं.