अभियांत्रिकी पदवी : वेतन आणि कर्ज

अभियांत्रिकीची शाखा निवडताना पालक वेतनाची चौकशी आधी करतात. कर्जाचा विचार मागाहून येतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१९ साली ‘कॉलेज स्कोअरकार्ड’मध्ये हे दोन्ही आकडे अभ्यासक्रमवार मांडले. आपल्याकडे राष्ट्रीय मानांकनासाठी संस्था मध्यक वेतन कळवितात, पण ते नोकरी लागलेल्यांचेच! शंभरांत चाळिसांनाच नोकरी मिळाली तरी तो आकडा देखणा दिसावयाचा. विद्यार्थ्याच्या कर्जाचा तर तेथे रकानाच नाही. प्रतिवर्षी आरंभी दीड लाख रुपये १० टक्के सरळव्याजाने उचलले, तर चार वर्षांअखेर सहा लाखांवर दीड लाख व्याज चढलेले असते. तेव्हा शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांच्या वतीने संस्थेस शाखावार विचारावे : दाखल किती झाले, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरीस किती लागले?